बर्फावरची बेमुर्वत मोटार

डिसेंबर २०२३ मधील नाताळच्या सुट्टीत हिमाचल प्रदेशाच्या लाहौल खोऱ्यात एका पर्यटकाने रस्त्यावरील वाहनांची रांग चुकविण्यासाठी आपली मोटार सरळ चंद्रा नदीच्या पात्रात घातली. त्या दृश्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. पोलिसांनी चालकाला साडेतीन हजार रुपये दंड केला, वृत्तपत्रांनी त्याला झोडपले आणि चार दिवस लोकांची करमणूक झाली. परंतु थोडा विचार केला, तर असे दिसेल की नदीत उतरलेल्या त्या गृहस्थाने जो धोका पत्करला तो मुख्यतः स्वतःच्या आणि आपल्या सोबत्यांच्या जिवाचा होता. ज्या रांगेला कंटाळून तो नदीत उतरला, ती रांग ज्यांनी निर्माण केली त्यांचे काय? दोन पदरी रस्त्यावर तिसरी ओळ लावणारे, समोरून येणाऱ्याची वाट अडविणारे, चाकांना साखळ्या न बांधता गोठलेल्या चढावर मोटार रेटणारे आणि ती आडवी झाल्यावर मागच्यांवर भोंगे वाजवीत बसणारे असे शेकडो चालक त्या दिवसांत रस्त्यावर होते. त्यांचे चित्रण कोणी पाहिले नाही. वस्तुतः अधिक घातक बेमुर्वतपणा त्यांचाच होता.

हा प्रश्न एका खोऱ्यापुरता किंवा एका सुट्टीपुरता नाही. नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास मनाली, सोलंग, सिस्सू या भागांत जी गर्दी लोटते, तीत महाराष्ट्रातील पर्यटकांचा वाटाही मोठा असतो. रजा-प्रवास सवलतीचा लाभ घेऊन आयुष्यात एकदा बर्फ पाहावा, मुलांना दाखवावा, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची इच्छा अगदी स्वाभाविक आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र बर्फ पाहणे आणि बर्फावर वाहन चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट करताना रस्त्यावर आपल्याखेरीज इतरही माणसे आहेत, याचे भान ठेवावे लागते. नेमके तेच हरवत चालले आहे.

बोगद्याने काय दिले

लाहौलच्या रहिवाशांना रस्ता म्हणजे काय, हे मैदानी प्रदेशातील माणसाला सहज उमगणार नाही. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होत असे आणि सुमारे सहा महिने हे खोरे कुलूपासून तुटून जात असे. धान्य, इंधन, औषधे यांचा साठा शरद ऋतूतच करून ठेवावा लागे. एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला, तर हेलिकॉप्टरची वाट पाहणे एवढेच हाती उरे; आणि हवामान बिघडले की तेही येत नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला, तेव्हा ही स्थिती बदलली. मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरांनी कमी झाले, ही त्याची सैनिकी आणि व्यापारी बाजू. परंतु केलाँगच्या गर्भवतीला किंवा सिस्सूच्या वृद्धाला भर हिवाळ्यातही कुलूच्या रुग्णालयात पोहोचता येऊ लागले, ही त्याची मानवी बाजू अधिक मोलाची होती.

सीमा रस्ते संघटनेच्या माणसांनी वर्षानुवर्षे डोंगर फोडून जे मिळविले, ते सुट्टीच्या चार दिवसांत कसे व्यर्थ होते, हे २०२३ च्या नाताळात दिसले. त्या सुट्टीत एका दिवसात अठ्ठावीस हजारांहून अधिक वाहने बोगद्यातून ये-जा करून गेल्याची नोंद झाली. हा बोगदा दिवसाला तीन हजार मोटारी आणि दीड हजार मालमोटारी यांच्या हिशेबाने बांधलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर २०२४ रोजी, बर्फवृष्टीमुळे सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान सुमारे हजार वाहने अडकून पडली. चारच दिवसांनी, २७ डिसेंबरला, सोलंग नाल्याजवळ पुन्हा तशीच कोंडी झाली आणि सुमारे पाच हजार पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढले. खिंड बंद असताना लाहौलचा रुग्ण बर्फामुळे अडत होता. आता रस्ता खुला असूनही तो मोटारींमुळे अडू शकतो. निसर्गाच्या अडवणुकीवर विज्ञानाने मात केली. माणसाच्या अडवणुकीवर मात कोणी करावयाची?

घर्षणाचा हिशेब

बर्फावर वाहन घसरते, हे सर्वांना ठाऊक असते. ते किती घसरते, याचा अंदाज मात्र फार थोड्यांना असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून साधारण नऊ-दहा मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तेच अंतर पंचवीस-तीस मीटर होते आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर साठ मीटरांच्या पुढे जाते. हे सपाटीवरचे गणित झाले. उतार शंभराला सहा असेल, तर गोठलेल्या रस्त्यावर ते अंतर दीडशे मीटरांच्या घरात जाते. आणि उतार शंभराला दहा असेल, तर ब्रेक दाबूनही मोटार थांबतच नाही. चालकाला वाटते की ब्रेक निकामी झाला. ब्रेक शाबूत असतो. फक्त चाकाला धरायला रस्ता उरलेला नसतो.

याच गणिताची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग चाळिसावरून विसावर आणला, तर गोठलेल्या सपाट रस्त्यावरील साठ मीटरांचे पंधरा मीटर होतात. म्हणजे सावकाश जाणे आणि पुढच्या वाहनापासून दूर राहणे, एवढ्या दोन गोष्टींनी बहुतेक अपघात टळतात. त्यासाठी कौशल्यापेक्षा संयम लागतो. डोंगरातील अनुभवी चालक उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता खालच्या गिअरमध्ये मोटार उतरवितो, चढावर मध्येच थांबत नाही, आणि पूल किंवा सावलीतले वळण आले की आधीच वेग कमी करतो. कारण तिथला बर्फ सर्वांत शेवटी वितळतो आणि तिथले पाणी सर्वांत आधी गोठते. दुपारी वितळलेल्या बर्फाचे पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य डोंगराआड जाताच त्याचा पारदर्शक थर बनतो. रस्ता केवळ ओला दिसतो. सायंकाळी परतीच्या घाईत असलेला पाहुणा नेमका त्याच वेळी वेग वाढवितो.

यात चारही चाकांना ओढ देणाऱ्या मोटारींनी भर घातली आहे. अशी मोटार बर्फावरून अधिक सहजपणे पुढे जाते, हे खरे. पण ती अधिक सहजपणे थांबत नाही. थांबण्याच्या वेळी प्रत्येक मोटारीला चारच चाके आणि तोच बर्फ असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असा मुद्दा मांडला होता की वाहन जितके सुरक्षित केले जाते, तितका चालक अधिक धोका पत्करू लागतो आणि त्या धोक्याचा काही भाग पादचाऱ्यांसारख्या तिऱ्हाइतांवर जाऊन पडतो. त्यांच्या निष्कर्षांवर बरेच वाद झाले. परंतु बळकट मोटारीत बसलेल्या माणसाचा आत्मविश्वास त्याच्या कौशल्यापेक्षा लवकर वाढतो, एवढे तरी सोलंगच्या रस्त्यावर कोणालाही पाहता येईल.

एकाचा उतावीळपणा, हजारांचा खोळंबा

केम्ब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात दोन रस्त्यांचे एक उदाहरण दिले होते. एक रस्ता चांगला पण अरुंद, दुसरा रुंद पण वाईट. प्रत्येक जण स्वतःच्या सोयीपुरता विचार करून चांगल्या रस्त्याकडे वळतो आणि आपल्या येण्याने आधीच तिथे असलेल्या सर्वांचा वेग किती मंदावला, हे जमेस धरीत नाही. कारण तो खर्च त्याच्या खिशातून जात नाही. व्यक्तीला पडणारा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांतील ही तफावत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शिकविली जाते. बर्फाळ रस्ता म्हणजे या पाठाचे प्रात्यक्षिक होय.

समजा, साखळ्या न बांधलेली एक मोटार चढावर घसरून आडवी झाली आणि रस्ता एक तास बंद पडला. मागे पाचशे वाहने आहेत आणि प्रत्येकात चार माणसे आहेत, असे धरले तर दोन हजार माणशी तास वाया गेले. थंडीमुळे सर्वांची इंजिने चालू राहतात. उभे असलेले इंजिन तासाला पाऊण-एक लिटर इंधन सहज जाळते, म्हणजे चारशे-पाचशे लिटर इंधनाचा धूर त्या अरुंद खोऱ्यात कोंडला गेला. साखळ्यांचे भाडे वाचविणाऱ्याने वाचविले असतील काही शे रुपये. त्याच्या त्या बचतीची किंमत इतरांनी किती पट मोजली, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तिसरी ओळ लावणाऱ्याचे वर्तन याहूनही बोधप्रद आहे. रांगेतून बाहेर पडून समोरून येणाऱ्यांच्या बाजूने दोनशे मीटर पुढे जाणे, हे त्याच्या एकट्याच्या दृष्टीने शहाणपणाचे दिसते. परंतु त्याचे पाहून दुसरा येतो, दुसऱ्याचे पाहून दहावा येतो, आणि थोड्याच वेळात दोन्ही दिशांची वाहने एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभी राहतात. आता कोणालाच पुढे जाता येत नाही. त्या पहिल्या चतुरालाही नाही. सर्वांत वाईट म्हणजे बर्फ हटविणारे यंत्र आणि रुग्णवाहिका यांनाही वाट उरत नाही. वाहनांमुळे यंत्र येऊ शकत नाही, यंत्र न आल्यामुळे बर्फ साचत राहतो आणि बर्फ साचल्यामुळे वाहने हलू शकत नाहीत. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की कोंडीचे रूपांतर संकटात होण्यास फक्त एक रात्र पुरते.

ती रात्र कशी असते, हे ७ व ८ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानातील मरी येथे जगाने पाहिले. बर्फवृष्टी पाहण्यासाठी लोटलेल्या पर्यटकांची वाहने रस्त्यात अडकली, वर बर्फ पडत राहिला आणि सकाळपर्यंत किमान बावीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलेही होती. अनेकांचा मृत्यू मोटारीतच झाला. काचा बंद, उबेसाठी इंजिन चालू आणि धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाखाली गाडलेली, अशा स्थितीत कार्बन मोनॉक्साइड हा वायू आत साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. माणसाला झोप येते आणि त्या झोपेतून तो उठत नाही. मरीच्या दुर्घटनेत प्रशासनाचा गलथानपणा होताच. परंतु रस्ता मोकळा राहिला असता, तर मदत वेळेवर पोहोचली असती, हेही तितकेच खरे आहे. मरी आणि मनाली यांच्यामध्ये सरहद्द आहे; बर्फाच्या नियमांना सरहद्द नसते.

इतरांनी काय केले

जिथे दरवर्षी बर्फ पडतो, त्या समाजांनी हा प्रश्न केवळ चालकाच्या सद्बुद्धीवर सोपविलेला नाही. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा हिम असताना हिवाळी टायरांशिवाय वाहन चालविणे हा गुन्हा आहे. उन्हाळी टायरांचे रबर थंडीत कडक होते आणि त्याची पकड सुटते, हे त्यामागचे साधे कारण. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००८ पासून ठरावीक हिवाळी महिन्यांत असे टायर सक्तीचे केले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जिथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, मोटारीच्या टपावरचा बर्फ न झाडता निघणाऱ्याला दंड होतो. आणि तो बर्फ उडून दुसऱ्याला इजा झाली, तर दंड कितीतरी पट वाढतो. सकाळी कामावर निघताना दहा मिनिटे थंडीत उभे राहून टप झाडणे कोणालाच आवडत नाही. परंतु टपावरची लादी महामार्गावर सुटते, तेव्हा ती मागच्याच्या काचेवर आदळते, स्वतःच्या नव्हे. म्हणूनच तिथे कायद्याला बोलावे लागले.

जपानचे उदाहरण तर विशेष मननीय आहे. तेथील उत्तरेकडील शहरांत बर्फावर पकड मिळावी म्हणून लोखंडी खिळे बसविलेले टायर वापरीत. चालकाच्या दृष्टीने ते सुरक्षित होते. परंतु त्या खिळ्यांनी रस्ते उगाळले जाऊन इतकी धूळ उठू लागली की नागरिकांच्या आरोग्याचा प्रश्न निर्माण झाला. अखेर १९९० साली कायदा करून अशा टायरांवर निर्बंध घालण्यात आले आणि खिळ्यांविना पकड देणारे टायर प्रचारात आले. स्वतःची सुरक्षितता हीदेखील दुसऱ्याच्या फुप्फुसांच्या मोबदल्यात विकत घेता येणार नाही, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

भारतात कायदा मुळीच नाही, असे नव्हे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक रीतीने वाहन चालविण्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वाहतुकीच्या प्रवाहाविरुद्ध वाहन हाकणे हेही त्यात मोडते. बर्फ पडल्यावर केवळ चारही चाकांना ओढ असलेली किंवा साखळ्या बांधलेली वाहनेच पुढे सोडण्याची पद्धत मनालीचे पोलीस अवलंबितात. परंतु हजारो वाहने रस्त्यावर आल्यानंतर मूठभर पोलिसांनी बर्फात उभे राहून कोणाकोणाला अडवावे? कोंडी झाल्यावर करावयाचा बंदोबस्त हा नेहमीच उशिरा केलेला बंदोबस्त असतो.

दोष कोणाचा, उपाय कोणता

सारा दोष पाहुण्यांच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. सपाट शहरात राहणाऱ्या माणसाला बर्फावर मोटार कशी चालवावी, हे कोणी शिकविलेले नसते. परवान्याच्या परीक्षेत त्याचा मागमूसही नसतो. जो व्यावसायिक त्याला विनाचालक मोटार भाड्याने देतो, तो साखळ्या देण्याची किंवा त्या कशा बांधाव्यात हे दाखविण्याची तसदी घेतोच असे नाही. स्थानिक चालकही फेऱ्यांच्या लोभाने ओळ मोडतात. राज्याला महसूल हवा असतो, हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक हवे असते, आणि गर्दीचे आकडे यशाचे आकडे म्हणून मिरविले जातात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की वाहनांवर मर्यादा घातली तर पर्यटन बुडेल आणि ज्या खोऱ्याच्या कळवळ्याने हे लिहिले जाते, त्याच खोऱ्यातील माणसाच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु मर्यादा वाहनांवर घालावयाची आहे, माणसांवर नव्हे. रोहतांग खिंडीकडे जाणाऱ्या पर्यटक वाहनांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिवसाला बाराशेची मर्यादा घातली, त्यात आठशे पेट्रोलची आणि चारशे डिझेलची. त्यामुळे मनालीचे पर्यटन बुडाले नाही. बोगद्याच्या मार्गावर गर्दीच्या दिवसांपुरती अशीच आधी परवाना घेण्याची पद्धत आणता येईल. बर्फ पडल्यावर खाजगी मोटारी मनालीतच थांबवून पुढचा प्रवास साखळ्या बांधलेल्या बसगाड्यांतून आणि प्रशिक्षित स्थानिक चालकांच्या वाहनांतून करविता येईल. चाळीस माणसे दहा मोटारींऐवजी एका बसमधून गेली, तर बर्फ तेवढाच दिसतो, रस्ता मात्र नऊ वाहनांनी मोकळा राहतो. शिवाय भाड्याचा पैसा बाहेरच्या मोटारमालकाकडे न जाता खोऱ्यातच राहतो.

गर्दीच्या दिवशी केवळ शुल्क वाढवून भागेल, असे काही अर्थशास्त्रज्ञ सुचवितील. सिंगापूरने १९७५ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क आकारून गर्दी आटोक्यात आणली, हे खरे आहे. परंतु केवळ शुल्काने बर्फ हा श्रीमंतांचा होईल आणि सवलतीच्या तिकिटावर आयुष्यात एकदाच येणारा शिक्षक किंवा कारकून तेवढा मागे राहील. शुल्क घ्यावयाचेच असेल, तर ते खाजगी मोटारीवर घ्यावे आणि त्यातून बसचे भाडे कमी ठेवावे. तसे केले तर कार्यक्षमता आणि न्याय यांच्यात भांडण लागण्याचे कारण नाही. याखेरीज मोटार भाड्याने देणाऱ्यावर साखळ्या पुरविण्याची सक्ती, ओळ मोडणाऱ्यास जागच्या जागी परत पाठविण्याचा अधिकार, आणि रुग्णवाहिका व बर्फ हटविणारी यंत्रे यांच्यासाठी कोणत्याही परिस्थितीत मोकळी राहील अशी एक बाजू, एवढ्या गोष्टी तरी विनाविलंब होण्यासारख्या आहेत.

कायदा झाला तरी त्याच्या जोडीला जो संकेत लागतो, तो महाराष्ट्राला नवा नाही. सह्याद्रीच्या घाटांत बर्फ पडत नाही. पण आषाढातील धुके आणि पाऊस यांत आंबोली किंवा कशेडीचा रस्ताही कमी दगाबाज नसतो. तिथे एसटीचा जुना चालक काय करीत आला आहे? चढून येणाऱ्या वाहनाला तो आधी वाट देतो, समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा प्रकाश मंद करतो, आणि दरड कोसळलेली दिसली की मागच्यांना सावध करण्यासाठी आपल्या वाहकाला खाली उतरवितो. त्याला पिगूचा सिद्धांत कोणी शिकविलेला नसतो. घाट सर्वांचा आहे आणि एकाने तो अडविला तर सर्वांचा अडतो, एवढे त्याला अनुभवाने कळलेले असते. तोच घाटाचा धर्म हिमालयातही पाळला पाहिजे. तिथे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढेच ध्यानात ठेवावे की आपल्यासाठी जी चार दिवसांची मौज आहे, ती वाट दुसऱ्या कोणाची तरी रुग्णालयाकडे जाणारी एकमेव वाट आहे.